स्वस्त तिकीट आणि वैमानिकाची झोप



कामगार चळवळीतल्या माणसाने वैमानिकांच्या नोकरीवर बोलावे याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आमच्या सभांना येतो तो गिरणीचा, गोदीचा, एस.टी.चा, नाहीतर नगरपालिकेचा कामगार. वैमानिक म्हटला की डोळ्यांपुढे उभा राहतो तो खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावलेला, लाखांत पगार घेणारा गृहस्थ. त्याची कसली आली आहे पिळवणूक, असे मला दोघातिघांनी तोंडावर विचारलेही. प्रश्न रास्त आहे. आणि त्याचे उत्तर द्यावे म्हणूनच हा विषय मी घेतला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : पगार कितीही मोठा असो, ज्याच्या वेळेवर त्याची स्वतःची सत्ता नाही तो कामगारच होय. वैमानिकाच्या बाबतीत तर हा वेळेचा प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही. त्याच्या पाठीमागे बसलेल्या दीड-दोनशे माणसांचा जीव त्यात गुंतलेला असतो.

तिकीट स्वस्त होते कसे?

प्रथम हे स्वस्त तिकीट तयार कसे होते ते पाहू. १९७१ च्या जून महिन्यात अमेरिकेतील टेक्सास राज्यात साउथवेस्ट नावाच्या कंपनीने डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ या तीन शहरांदरम्यान विमाने सुरू केली. पुढल्याच वर्षी पैशाची ओढाताण झाली, आणि चार विमानांपैकी एक विकावे लागले. वेळापत्रक मात्र चारांचेच ठेवायचे होते. तेव्हा असे ठरले की, उतरलेले विमान दहा मिनिटांत पुन्हा निघालेच पाहिजे. या दहा मिनिटांतून पुढे एक अख्खा धंदा उभा राहिला.

त्यातले मर्म साधे आहे. जमिनीवर उभे असलेले विमान हे बंद पडलेल्या मागासारखे असते. त्याचे भाडे आणि व्याज चालूच राहते. उत्पन्न मात्र शून्य. म्हणून ते दिवसभर फिरते ठेवायचे. सगळी विमाने एकाच जातीची घ्यायची, म्हणजे सुटे भाग एक, प्रशिक्षण एक, आणि कोणताही वैमानिक कोणत्याही विमानावर चालतो. जेवण फुकट द्यायचे नाही, खुर्च्या दाटीने बसवायच्या, पल्ले जवळचे ठेवायचे. या युक्त्यांत कोणाच्या तोंडचा घास काढलेला नाही. ज्या माणसाच्या वडिलांनी विमान फक्त आभाळात पाहिले तो आज म्हाताऱ्या आईला दिल्लीला विमानाने नेतो. ही चांगलीच गोष्ट झाली, आणि तिला नावे ठेवायला मी येथे उभा नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हीच साउथवेस्ट अमेरिकेतील सर्वांत अधिक संघटित कामगार असलेल्या विमानकंपन्यांत मोडते. वैमानिकांची संघटना तेथे मान्य आहे, तिच्याशी करार होतात, आणि कामगारांना नफ्यात वाटा देण्याची पद्धत या कंपनीने सत्तरीच्या दशकातच सुरू केली. स्वस्त तिकीट द्यायचे तर संघटना नको, असे जे सांगितले जाते ते या धंद्याच्या जन्मकथेवरूनच खोटे ठरते.

बिघाड पुढे झाला. यंत्राची मोकळी मिनिटे वेचून संपली, तेव्हा नजर माणसाच्या मोकळ्या मिनिटांवर गेली.

हजार तासांचे कोडे

वैमानिकाने वर्षात हजार तासांपेक्षा अधिक उड्डाण करू नये, अशी मर्यादा आपल्याकडे आहे आणि युरोप-अमेरिकेतही आहे. ऐकणारा म्हणतो, हजारच? आठवड्याला ४८ तास राबणारा कामगार तर एवढे तास एकवीस आठवड्यांत भरतो!

कोडे आहे ते ‘तास’ या शब्दात. उड्डाणाचा तास मोजतात तो विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंत. आता एक दिवस कागदावर मांडून पाहा. दीड-दीड तासाची चार उड्डाणे, म्हणजे सहा तास. पहिल्या उड्डाणाआधी तासभर हजर राहून हवामान, इंधन आणि वजनाचे कागद पाहायचे. मधल्या तीन थांब्यांत पाऊणपाऊण तास, म्हणजे सव्वादोन तास. शेवटी कागदपत्रे पुरी करायला अर्धा तास. एकूण झाले पावणेदहा तास, आणि हिशेबात उड्डाणाचे सहाच. धुके पडले, पाऊस आला, धावपट्टीसाठी रांग लागली, की या पावणेदहाचे बारा होतात. पहिले उड्डाण पहाटे पाचचे असेल, तर मनुष्य रात्री दोन-अडीचलाच उठलेला असतो. त्याशिवाय दुसऱ्या गावी जाऊन तेथले विमान घेण्यासाठी प्रवासी म्हणून केलेला प्रवास निराळा, आणि राखीव पाळीला घरात कपडे चढवून फोनची वाट पाहणे निराळे.

पगारही या तासालाच बांधलेला असतो. कोठे ठराविक तासांचा पगार हमखास मिळतो आणि त्यापुढे तासागणिक. कोठे सगळाच तासागणिक. उड्डाणाच्या तासावर जितका पगार अधिक टांगलेला, तितका खोळंब्याचा तोटा वैमानिकाच्या अंगावर. आमच्या जुन्या विणकरांना हे समजावून सांगावे लागणार नाही. सूत वाईट आले की माग थांबे, आणि कपड्याच्या वारावर मजुरी असल्यामुळे भुर्दंड विणकराला पडे. सूत त्याने आणलेले नसे, आणि धुकेही वैमानिकाने पाडलेले नसते.

आणि अशा पगाराचा सर्वांत वाईट परिणाम असा की, थकलेल्या माणसालाच ‘मी थकलो’ असे म्हणणे महाग पडते.

पहाटेचे शरीर

थकवा हा वृत्तीचा प्रश्न आहे, मन घट्ट केले की झोप पळते, असे समजणाऱ्यांसाठी एक दुःखद घटना सांगतो. २२ मे २०१० रोजी एअर इंडिया एक्स्प्रेस या स्वस्त भाड्याच्या कंपनीचे विमान रात्री दुबईहून निघून सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरला उतरत होते. डोंगरमाथ्यावरच्या त्या धावपट्टीवरून ते पुढे दरीत गेले. आत १६६ माणसे होती, १५८ गेली.

चौकशीत जे निघाले ते असे : विमानातील ध्वनिमुद्रकावर जवळजवळ एक तास चाळीस मिनिटे कप्तान झोपेत असल्याच्या खुणा मिळाल्या. उतरण्याच्या थोडे आधी तो जागा झाला. विमान जास्त उंचीवर होते, उतरणे सोडून पुन्हा वर जाणे आवश्यक होते, आणि सहवैमानिकाने तसे तीनदा सांगितले. कप्तानाने ऐकले नाही. गाढ झोपेतून उठल्यावर बुद्धीवर जी झापड राहते, तिचा आणि पहाटेच्या वेळेचा परिणाम त्याच्या निर्णयावर झाला असावा, असे चौकशी न्यायालयाने नमूद केले.

हा कप्तान नुकताच रजेवरून परतला होता, तेव्हा अतिश्रमाचा ठपका येथे ठेवता येत नाही. पण म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे आहे. विश्रांती घेतलेल्या अनुभवी माणसाचे शरीरही पहाटे दोन ते सहा या वेळात साथ सोडते. मग जो लागोपाठच्या रात्री, रोज निराळ्या गावी, निराळ्या वेळी झोपतो त्याची काय कथा? रात्रपाळी केलेल्या कोणत्याही माणसाला विचारा. साडेतीन-चारच्या सुमारास डोळे उघडे असतात, पण माणूस आत नसतो.

युरोपातला ‘बदली’

आता युरोपकडे वळू. कारण पिळवणुकीची नवी तऱ्हा तेथे स्वच्छ दिसली. आयर्लंडमधील रायनएअर या कंपनीने साउथवेस्टची पद्धत उचलली, ती मात्र संघटनेला वगळून. तिचे अनेक वैमानिक वर्षानुवर्षे तिचे नोकरच नव्हते. ते मधल्या दलाल संस्थेमार्फत येत, आणि कागदोपत्री एका चिमुकल्या आयरिश कंपनीचे संचालक असत. गणवेश रायनएअरचा, विमान रायनएअरचे, हुकूम रायनएअरचा. पण माणूस ‘स्वतंत्र व्यावसायिक’! उड्डाण केले तर पैसे. आजारी पडला, रजेवर गेला किंवा हिवाळ्यात उड्डाणे कमी झाली, तर काही नाही.

मुंबईच्या गिरण्यांत ज्यांनी बदलीचे दिवस काढले त्यांना यात नवे काय वाटणार? सकाळी दारात उभे राहावे, जॉबरने बोट दाखवले तर आत, नाहीतर घरी. फरक इतकाच की, या बदलीवाल्याला दाराशी येण्यासाठी आधी मोठे कर्ज काढून शिक्षण घ्यावे लागले होते. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाने २०१५ साली युरोपातील साडेसहा हजारांहून अधिक वैमानिकांची पाहणी प्रसिद्ध केली. सहांतला एकाहून अधिक वैमानिक अशा आडवळणाच्या नोकरीत होता, आणि ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हणवणाऱ्यांपैकी ७० टक्के स्वस्त भाड्याच्या कंपन्यांकडे होते. काही नवे वैमानिक तर अनुभवाचे तास मिळावेत म्हणून विमान चालवण्याचे पैसे उलट कंपनीला देत होते.

ही रचना २०१७ साली डळमळली. १४ सप्टेंबर रोजी युरोपीय न्यायालयाने बेल्जियममधील शार्लरुआ तळावरच्या विमान-सेवकांच्या खटल्यात निर्णय दिला, की करारात आयर्लंडचे नाव लिहिले म्हणून कामगाराला दाद मागायला आयर्लंडलाच जावे लागेल असे नाही. तो रोज जेथून कामाला निघतो त्या तळाला महत्त्व दिले पाहिजे. त्याच महिन्यात वैमानिकांच्या रजांचा हिशेब कंपनीच्या हातून बिघडला. प्रथम सहा आठवड्यांतली सुमारे २,००० उड्डाणे रद्द झाली, मग हिवाळी वेळापत्रकातली आणखी १८,०००. रजा थकल्या होत्या, माणसे पुरेना. आणि आजवर एकेकटे असलेले वैमानिक एकमेकांशी बोलू लागले. नाताळच्या तोंडावर संपाच्या नोटिसा आल्या. १५ डिसेंबर २०१७ रोजी तीस वर्षांहून अधिक काळ संघटनेचे नाव न घेणाऱ्या या कंपनीने वैमानिकांच्या संघटनांना मान्यता देण्याची तयारी जाहीर केली. पुढल्या वर्षी १० ऑगस्टला आयर्लंड, जर्मनी, बेल्जियम, स्वीडन आणि हॉलंड या पाच देशांत एकाच दिवशी संप झाला, आणि करार होऊ लागले.

यानंतर कंपनी बुडाली का? नाही. तिकिटे महाग होऊन गरिबाचा प्रवास बंद पडला का? तोही नाही. कंपनी आजही युरोपातील सर्वांत मोठ्या विमानकंपन्यांत आहे.

आपल्या घरची गोष्ट

आपल्याकडे दलालाची ती तऱ्हा तितकी रुजली नाही. आपला रोग निराळा आहे. येथे व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण करावे लागते, आणि त्यानंतर विशिष्ट जातीच्या विमानाचे प्रशिक्षण निराळे. खर्च इतका की, पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत शेतजमीन किंवा राहते घर गहाण पडते. म्हणजे तरुण वैमानिक नोकरीत शिरतो तोच हप्ता डोक्यावर घेऊन. कर्जदार मनुष्य ‘नाही’ म्हणायला कचरतो, हे सावकाराला ठाऊक असते आणि मालकालाही.

त्यावर २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने असा नियम केला, की नोकरी सोडायची तर कप्तानाने एक वर्ष आणि सहवैमानिकाने सहा महिने आधी नोटीस द्यावी. हे प्रकरण न्यायालयांतही गेले. उड्डाणे अचानक रद्द होऊ नयेत हा हेतू मी समजू शकतो. पण कामगाराला वर्षभर बांधून ठेवायचे, तर त्याच्या पगाराची आणि विश्रांतीची हमी तितकीच पक्की नको का? ३ मे २०२३ रोजी मुंबईची गो फर्स्ट ही स्वस्त भाड्याची कंपनी उड्डाणे बंद करून दिवाळखोरीच्या अर्जामागे उभी राहिली. थकलेल्या पगारासाठी तिचे वैमानिक आणि इतर कामगार येणेकऱ्यांच्या रांगेत गेले. त्यांना कंपनीने एक वर्षाची नोटीस दिली नव्हती.

आता विश्रांतीकडे येतो. ८ जानेवारी २०२४ रोजी महासंचालनालयाने वैमानिकांच्या कामाच्या वेळेचे सुधारलेले नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. ‘रात्र’ पहाटे पाचला संपत असे, ती सहापर्यंत वाढवली. रात्रीच्या कामात सहा वेळा उतरण्याची मुभा होती, ती दोनवर आणली. मंगळूरची हकीगत ऐकल्यावर या नियमांचे कारण मी वेगळे सांगायला नको. नियम १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी हरकत घेतली, आणि ते पुढे ढकलले गेले. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कोठे दोन तारखा ठरल्या : काही नियम १ जुलै २०२५ पासून, उरलेले १ नोव्हेंबर २०२५ पासून.

म्हणजे पहिल्या दिवसापासून मोजले तर तयारीला बावीस महिने मिळाले. तरीही डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात काय झाले ते आपण पाहिले. काहींनी पुण्या-मुंबईच्या विमानतळांवर बॅगा उशाला घेऊन भोगले. देशातल्या दहांपैकी सहांहून अधिक विमानप्रवाशांना नेणाऱ्या इंडिगो कंपनीकडे नव्या नियमांप्रमाणे वेळापत्रक चालवण्याइतके वैमानिक हाताशी नव्हते. महासंचालनालयाच्या हिशेबाप्रमाणे ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणे रद्द झाली, आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकले. इतर कंपन्यांची भाडी इतकी चढली की, सरकारला कमाल दर ठरवून द्यावे लागले.

आणि यावर उपाय काय झाला? कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, हे कलम सर्वच कंपन्यांसाठी मागे घेतले गेले. वैमानिक कमी ठेवले कंपनीने, आणि झोप कमी झाली वैमानिकाची! जानेवारी २०२६ मध्ये चौकशी पुरी झाली. साधनांचा आणि माणसांचा अखेरच्या थेंबापर्यंत वापर करण्याचा हव्यास आणि नियमांसाठीची अपुरी तयारी ही कारणे पुढे आली, आणि २२ कोटी २० लाखांचा दंड झाला. आकडा मोठा वाटतो. पण मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात या कंपनीचा नफा सुमारे ७,२५० कोटी रुपये होता. ३६५ ने भागा. दंड एका दिवसाच्या नफ्याहून थोडासा अधिक भरतो.

भाडे वाढेल त्याचे काय?

कोणी म्हणेल, जास्त वैमानिक नेमा म्हणता, मग भाडे वाढणार. वाढेल, पण किती, याचा हिशेब करू. आकडे सोयीसाठी धरतो. समजा, कप्तान आणि सहवैमानिक यांचा मिळून महिन्याचा पगार बारा लाख आहे, आणि ते महिन्यात सत्तर तास उडतात. म्हणजे तासाला सुमारे १७,००० रुपये. दीड तासाच्या उड्डाणाला साधारण २५,७००. विमानात दीडशे प्रवासी धरले तर माणशी १७० रुपये. विश्रांती पुरी मिळावी म्हणून दहा टक्के वैमानिक अधिक नेमले, तर माणशी वाढ होते सतरा रुपये. विमानतळावर यात चहा मिळणार नाही, आपल्या एस.टी. स्टँडवर मिळेल.

दुसरा आक्षेप असा की, लाखांत पगार घेणाऱ्याने तक्रार करू नये. पण झोप पगाराने भरून निघत नाही. शिवाय ज्याची बाजारात एवढी किंमत आहे त्यालाही जर विश्रांतीसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते, तर विमानात बॅगा चढवणाऱ्या कंत्राटी पोराची काय पत्रास? वरच्या पायरीवर पडलेला पायंडा खाली उतरायला वेळ लागत नाही.

आणि हा झगडा आपल्याला नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. त्याही वेळी मालक म्हणत होते की, यंत्रे थांबली तर धंदा बुडेल. धंदा बुडाला नाही. रविवार मात्र आपल्या सर्वांच्या अंगवळणी इतका पडला की, तो कोणीतरी मागून घेतलेला आहे हेच आपण विसरलो. वैमानिकाचे ४८ तास हे त्याच रविवारचे धाकटे भावंड आहे.

म्हणून मागण्या सरळ आहेत. वेळापत्रक मंजूर करण्यापूर्वी ते चालवायला पुरेसे वैमानिक आहेत की नाहीत हे कंपनीने दाखवावे, आणि महासंचालनालयाने मोजून घ्यावे. विश्रांतीच्या नियमाला सूट देण्याची वाट बंद व्हावी. थकवा आला असे सांगणाऱ्याच्या पगाराला किंवा बढतीला धक्का लागू नये. आणि त्यांच्या संघटनांशी बोलल्याशिवाय कामाच्या वेळा ठरू नयेत.

राहता राहिली आपली, म्हणजे प्रवाशांची गोष्ट. विमान आधीच उशिरा आलेले असते, आणि ध्वनिक्षेपकावरून सांगतात की वैमानिकाच्या कामाची वेळ संपली, दुसरा वैमानिक येईपर्यंत थांबावे लागेल. मग आपण खिडकीवरच्या मुलीवर आवाज चढवतो, आणि समोरून वैमानिक जाताना दिसला तर त्यालाही बोल लावतो. अशा वेळी भांडायचे असेल तर जरूर भांडा. पण दुसरा वैमानिक हाताशी का ठेवला नाही, हे कंपनीला विचारा. जो वैमानिक वेळ संपल्यावर उठून घरी निघाला आहे त्याला वाट द्या. तो झोपायला निघाला आहे, आणि उद्याच्या त्याच्या विमानात तुमच्याआमच्यापैकीच कोणीतरी असणार आहे.